बाजूचा वाटा

"म्हणजे तुम्हाला बाकीच्यांपेक्षा चांगली मासळी मिळते, असं तुम्हीच अर्जात लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मग तुमच्यावर अन्याय काय झाला?"

किशोरीने प्रश्न ऐकला. कळायला तो कठीण नव्हता. बाईंचा आवाजही चढा नव्हता. सकाळपासून ऐकून ऐकून थकलेल्या, पण मनाने बऱ्या असलेल्या बाईचा आवाज होता तो. तरी ती टेबलावरच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा इकडे वळला की बाईंसमोरचे कागद फडफडायचे आणि शेजारचा कारकून मान वर न करता त्यांच्यावर पंजा ठेवायचा. पंखा तिकडे वळला की पंजा उचलायचा. ओरोसच्या सरकारी इमारतीतलं हे सभागृह, त्यात महिला आयोगाचं एका दिवसाचं शिबिर, आणि बाहेर व्हरांड्यात खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या बायका. त्यातल्या एकीचा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. एकीला नवऱ्याने भर पावसात घराबाहेर काढलं होतं आणि ती अजून त्याच घराच्या चुलीबद्दल बोलत होती. त्यांच्यात बसून किशोरीने सकाळ काढली होती, आणि जी ती तिला विचारत होती, तुझं काय? नवरा मारतो? नवराच नाही म्हटल्यावर त्यांनी सासू विचारली, मग भावजय विचारली. शेवटी तिने मासळीच्या वाट्याचं सांगितलं, तेव्हा भाजलेल्या हाताची बाई जराशी हसली होती. वाईट हसली नव्हती. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्या कुणाला नको झालंय हे ऐकून माणूस हसतं, तशी हसली होती. किशोरीला तेव्हाच उठून निघून जावंसं वाटलं होतं. पण गाडी दुपारची होती.

रापणीचे वाटे कसे घालतात ते बाईंना कसं सांगायचं याची तिने बसमध्ये उजळणी केली होती. होडीतून जाळं नेऊन समुद्रात अर्धगोल टाकतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. एकेका दोराला माणसं लागतात, कमरेला पट्टा, पट्टा दोरात अडकवलेला, टाचा वाळूत रुतवून मागे मागे जायचं, मागे पोचलं की पट्टा सोडून पुढे पाण्याशी यायचं आणि पुन्हा मागे. जाळं कडेला लागलं की मोठी मासळी व्यापारी नेतो, आणि खायची मासळी तिथेच वाळूवर वाटून घेतात. त्याचे ढीग घालतात, एका ओळीत. हे ढीग म्हणजे वाटे. तांडेल, म्हणजे जाळं कधी टाकायचं आणि कधी ओढायचं हे ठरवणारा माणूस, ते घालतो. कितीही नीट घातले तरी सारखे होत नाहीत, कारण मासेच सारखे नसतात. एका ढिगात सुरमई जाते, दुसऱ्यात नुसते काटे. म्हणून म्हातारा बाबलीकाका ओळीकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. तांडेल एका ढिगाला काठी लावून विचारतो, ह्यो कोणाचो? बाबलीकाका समुद्राकडे बघत एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा तो ढीग. त्यावर कुणी ब्र काढत नाही. वाईट आला तर शिव्या द्यायच्या त्या स्वतःच्या कपाळाला, दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. लहानपणी किशोरी या ओळीच्या टोकाशी बसून बापाच्या नावाची वाट बघायची. "लवू" असा आवाज आला की उठून टोपली घेऊन धावायची.

ओळीच्या बाहेर, वरच्या अंगाला सुक्या वाळूवर, दोन वाटे वेगळे घालत. एक देवाचा. दुसरा यमुनाबाईचा. यमुनाबाईचा नवरा रापणीतलाच, तो गेला त्याला जमाना झाला, मूलबाळ नाही, म्हणून वाडी तिला वाटा देते. हे वाटे बाबलीकाकाला विचारायचे नसतात. ते बघून घालायचे असतात, आणि तांडेल सत्यवान ते नीट बघून घालतो. देवाला वाईट मासा चालत नाही आणि विधवेच्या पोटाला वाईट मासा देऊ नये असं त्याचं साधं मत. गेल्या दसऱ्यापासून त्या दोन वाट्यांच्या शेजारी तो तिसरा वाटा घालू लागला होता. तो किशोरीचा. त्यात तो स्वतःच्या हाताने सुरमई ठेवायचा, सुरमई नसली तर सरंगा, आणि वरून मूठभर कोळंबी टाकायचा. ते टाकताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते तिने अर्जात लिहिलं नव्हतं. ते कोणत्या शब्दात लिहायचं तिला माहीत नव्हतं. ती माया होती, हे खरं आहे. मायाच होती म्हणून तर पंचाईत होती.

"सांगा ना," बाई म्हणाल्या. "घाबरू नका."

ती घाबरली नव्हती. ती आठवत होती. वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात ती पुष्कळ वर्षं होती. लांब टेबल, वर पांढरा दिवा, समोर सोललेल्या गरांचा डोंगर. अख्खे इकडे, फुटके तिकडे, डागाळलेले खाली. बोटं आपोआप चालायची आणि डोकं रिकामं राहायचं. शहरातल्या भाड्याच्या खोलीत तिची एक खिडकी होती, खाली शिंप्याचं दुकान होतं, रविवारी ती कडक इस्त्रीची साडी नेसून मांडवीच्या बंदरावर फिरून यायची आणि कुणी तिला ओळखत नसे. ते तिला आवडायचं. लग्नाचं वय येऊन गेलं तेही फारसं कळलं नाही. मग निरोप आला की लवू रापण ओढता ओढता वाळूत बसला आणि उठलाच नाही. ती गेली तेव्हा लकव्याने त्याचा उजवा हात चादरीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. जीभ तेवढी शाबूत होती, आणि ती पहिल्यापेक्षा तिखट झाली होती. किशोरी थोड्या दिवसांसाठी म्हणून राहिली आणि मग राहिलीच.

दोर तिने पहिल्यांदा धरला तो कुणाशी भांडून नव्हे. त्या वर्षी माणसंच नव्हती. पोरं गोव्यात हॉटेलांत गेलेली, काही रेडीला खनिजाच्या बोटी भरायला. दक्षिणेच्या दोराला चारदोन म्हातारे आणि जाळं जड. ती बापासाठी मासळी घ्यायला टोपली घेऊन उभी होती. सत्यवानच ओरडला, "गो किशोरी, बघतंस काय, धर!" तिने टोपली टाकली आणि धरला. दोर ओला होता, खारट होता, आणि जिवंत होता. पलीकडून कुणीतरी तो आपल्याकडे घेत होतं. टाचा वाळूत गेल्या, पाठीच्या कण्यातून काहीतरी सरकन खाली उतरलं. पुढच्या माणसाचा श्वास आणि मागच्या माणसाचा श्वास एक झाला आणि त्यात तिचाही मिसळला. काजूच्या टेबलावर इतकी वर्षं बसून तिला कधी असं झालं नव्हतं. हात सोलले. ती दुपारी जेवली आणि मेल्यासारखी झोपली, आणि उठल्यावर तिला उगीच हसू येत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती बापाचा पट्टा कमरेला बांधून गेली. कुणी काही म्हटलं नाही. हळूहळू तो दोर आणि ती, हे सगळ्यांच्या डोळ्यांच्या सवयीचं झालं.

पण पहिल्या दिवशी ओळ लागली तेव्हा ती ओल्या साडीने इतरांबरोबर उभी राहिली होती, आणि कान टवकारून होती. बाबलीकाका नावं घेत गेला. दत्तप्रसाद. शिवा. निकेत. एकेक जण ढिगाशी वाकत गेला. ओळ संपली. लवूचं नाव तर तो पडल्यापासून बंदच होतं. किशोरी उभीच. सगळे टोपल्या भरत होते आणि ती मधोमध उभी होती, ओल्या साडीतून पाणी गळत होतं. सत्यवानाने वरून हाक मारली, "गो, तुझो हंय काढून ठेवलंय. बघ तरी काय ठेवलंय तो!" त्यात एवढी मोठी सुरमई होती की बाप संध्याकाळी दोन वेळा भात मागून जेवला. ती मात्र तोंडात घास फिरवत राहिली. आपल्याला कशाचा राग आलाय ते तिला त्या दिवशी कळलं नाही. पुढे बरेच दिवस कळलं नाही. रोज दोर धरताना ती ओळीतली असायची आणि वाटे घालताना वरच्या वाळूवर, देवाच्या आणि यमुनाबाईच्या शेजारी.

शेवटी एकदा जाळी वाळत घालताना तिने सत्यवानाला विचारलं. तो तिच्या चुलत्याचा मुलगा, तिच्याहून थोडा मोठा. लहानपणी तिला होडीत बसवून खाडीत नेणारा.

"दादा, माझा नाव कित्या घेणत नाय?"

"नाव घेवन काय करतलंस? मासळी व्हयी मा? सगळ्यात बरी तुका देतंय."

"माका बरी नको."

"मगे वाईट व्हयी?"

"माका ओळीत व्हयी."

तो हसला, मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "गो, नाव घेतला म्हणजे भागीदार झालंस. भागीदार बापसामागसून झील. ह्या काय मी केलंय? आजोपणजापासून आसा. लवूकाका आसा तवसर तुझो वाटो खंय जाणा नाय."

"आणि मगे?"

"मगे बघूया."

तो जाळ्याच्या गाठी सोडवायला वळला. झील म्हणजे मुलगा, आणि लवूला मुलगा नव्हता. 'मगे बघूया' हे शब्द तिच्या कानात राहिले. बाप खोकला की ते आठवायचे. बाप गेल्यावर वाटा चालू राहील की नाही हे सत्यवानाच्या मनावर होतं, त्याचं मन चांगलं होतं, आणि तिला जन्मभर त्या चांगल्या मनाकडे बघत बसायचं होतं. बाबलीकाकाला कुणाच्या मनाकडे बघावं लागत नव्हतं. तो समुद्राकडे बघायचा.

आयोगाचा कागद तिने वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर भिंतीला चिकटवलेला पाहिला. स्त्री म्हणून भेदभाव होत असल्यास, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली पत्ता. त्याआधी 'भेदभाव' हा शब्द तिने स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. तो शब्द जरा कडक होता, नव्या चपलेसारखा लागत होता. अर्ज तिने चुलीपाशी बसून लिहिला. बाप खाटेवरून बघत होता. काय लिहितेस म्हणाला, तिने सांगितलं. तो म्हणाला, "लोकांका इसवण मिळणा नाय म्हणान लोक रडतत. तू मिळता म्हणान रडतंस?" इसवण म्हणजे सुरमई, त्याच्या तोंडात तो शब्द आला की डोळे सुद्धा ओले व्हायचे. ती पुढचं लिहीत राहिली. दुसऱ्या दिवशी यमुनाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. वाडीत बातमी जायला वेळ लागत नाही. "गो चेडवा," ती म्हणाली, "बाजूक घातलेलो वाटो म्हणजे काय भीक?" किशोरीने तिला आत बोलावलं. ती आली नाही. इतकी वर्षं ती म्हातारी तो वाटा मानाने घेऊन घरी जात होती, आणि आता तिला तो कसा उचलावा ते कळत नव्हतं. हे आपण केलं, हे किशोरीला ठाऊक होतं. तिला फार वाईट वाटलं. तरी तिने अर्ज फाडला नाही. तो टपालात टाकला आणि पेटीत पडल्याचा आवाज आला का ते ऐकत उभी राहिली.

आज सकाळच्या गाडीला गर्दी होती. सत्यवानालाही बोलावणं होतं. तो आधी चढला आणि खिडकीतून हात काढून ओरडला, "किशोरी, जागा धरलंय!" धुतलेला शर्ट, केसांना तेल. तिला खिडकीशी बसवलं, कारण तिला गाडी लागते हे त्याला माहीत होतं. वेंगुर्ल्यात गाडी थांबली तेव्हा खाली उतरून शेंगदाण्यांच्या दोन पुड्या आणल्या, एक तिच्या ओच्यात टाकली. कुडाळपर्यंत त्याने तिला होडीच्या इंजिनाचं सांगितलं, त्याच्या मुलीच्या दहावीचं सांगितलं. तक्रारीचा विषय काढला नाही. ओरोस जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "कायय होवंदे, दुपारी जेवान जावया. उपाशी नको." तिने शेंगदाणे खाल्ले. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचे शेंगदाणे खाऊ नयेत असं कुठे लिहिलेलं नाही, पण ते खाताना तिला आपलं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं.

"विरुद्ध पक्ष," कारकुनाने आता अर्ज वाचला, "सत्यवानदादा." त्याने मान वर केली. "दादा काय, आडनाव आहे?"

किशोरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लिहिताना हात आपोआप तसा गेला होता. नुसतं सत्यवान ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. सत्यवान खुर्चीच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो कचेरीतलं मराठी बोलू लागला आणि ते त्याला घट्ट होत होतं. "मॅडम, ही आमची बहीण लागते. आम्ही तिला काही कमी देत नाही. उलट मी स्वतः निवडून देतो. वाडीत कोणालाही विचारा." त्याचा आवाज मध्येच चिरला. तो खरोखर दुखावला होता. किशोरीने ते पाहिलं आणि तिला कळलं की हा माणूस आता खोटं बोलला असता, ओरडला असता, तर किती सोपं झालं असतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या अनुभवी होत्या. दिवसभरात मिटवता येण्याजोगी एखादीच तक्रार येते हे त्यांना माहीत असावं. "असं करूया," त्या म्हणाल्या, "वडिलांच्या पश्चातही तुमचा वाटा चालू राहील, आणि आत्ता देतात तसाच चांगला राहील, असं हे लिहून देतील. तुम्हाला तीच काळजी आहे ना? काय हो, देता लिहून?"

"देतो," सत्यवान लगेच म्हणाला. "आत्ता देतो. जन्मभर देतो."

कारकुनाने कोरा कागद ओढला. किशोरीला वाटलं, झालं. बाप गेल्यावरची काळजी मिटली. रोज सुरमई. वाळूवर वरच्या अंगाला तिचा वाटा, देवाच्या शेजारी, मरेपर्यंत. नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही, आणि ती नाही म्हणणार होती. तिला ते आपल्याच पायांवरून कळलं. टाचा चपलेत घट्ट रुतल्या होत्या. पण बसमध्ये जुळवलेलं सगळं सांडून गेलं होतं. पंखा वळला. कागद फडफडले. कारकुनाने पंजा ठेवला.

"नको," ती म्हणाली.

"नको?"

"मॅडम, तो मला बघून देतो." तिचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "बाकी सगळ्यांना न बघता देतात. बाबलीकाका पाठ करून उभा राहतो आणि नाव घेतो. कोणाला काय गेलं त्याला दिसत नाही. मला तसं पाहिजे. मला चांगलं नको. मी दोर त्यांच्यासारखाच ओढते. मला न बघता दिलेलं पाहिजे."

सत्यवान तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, रापणीचं जाळं रिकामं आल्यावर असतं तसं. बाईंना कळलं की नाही हे किशोरीला सांगता आलं नसतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सत्यवानाला विचारलं, "तुमची रापणीची संस्था नोंदलेली आहे?"

"होय."

"सरकारी अनुदान घेते?"

"नवीन दोराला घेतलं होतं. आणि जाळ्याला."

"म्हणजे सरकारचा पैसा घेता आणि बाईमाणूस म्हणून सभासद करून घेत नाही." त्यांनी हे अगदी शांतपणे म्हटलं आणि कारकुनाकडे वळल्या. "समझोत्याचा कागद राहू दे. तक्रार नोंदवून घ्या. मत्स्य खात्याला प्रत पाठवा."

कारकुनाने शिक्का मारला. आवाज फार मोठा झाला नाही. सत्यवान हे ऐकताना जरासा पुढे झुकला होता. त्याला वाटलं असावं, ही पोरगी अनुदानापर्यंत विचार करून आलीय. तिने तसला विचार केलाच नव्हता, पण हे त्याला सांगून त्याला ते खरं वाटलं नसतं. ती दोघं बाहेर आली. त्याने सकाळी म्हटल्याप्रमाणे खानावळीत नेलं, दोघांसाठी ताटं मागवली, आणि मान वर न करता जेवला. परतीच्या गाडीत जागा रिकाम्या होत्या. तो पुढे जाऊन कंडक्टरशेजारी उभा राहिला आणि वाडी येईपर्यंत तसाच उभा होता.

पुढचे बरेच दिवस काही झालं नाही. ती दोर ओढत होती, तिचा वाटा बाजूला पडत होता. सत्यवान अजून सुरमई घालायचा. पण आता नुसती घालायचा, हाक मारत नसे. यमुनाबाई आपला वाटा सगळे गेल्यावर उचलायची. किशोरीला कधी कधी वाटे, आपण कुणाचं काही तरी मोडलं आणि त्या बदल्यात हाती काही आलं नाही. रात्री जेवणात बापाला काटे काढून देताना ती त्याचा आंधळेपणाने चालणारा डावा हात बघत बसे. मग मत्स्य खात्याचा कागद आला: बाईला सभासद करा, नाहीतर अनुदान थांबेल. सत्यवानाच्या ओटीवर सगळे जमले. तिला बोलावलं नाही; पण बोलणं रस्त्यावर ऐकू येत होतं, आणि त्यात तिचं नाव फारसं नव्हतं, अनुदान पुष्कळ वेळा होतं. बैठक उठल्यावर बाबलीकाका काठी टेकत तिच्या दारात आला. तो बसला नाही.

"उद्यापासून तुझा नाव घेवक सांगल्यानी," तो म्हणाला. "कागद इलो म्हणान हां. तुझा पटला म्हणान नाय. उगीच फुगान जाव नको."

"कायय म्हणान घेवा," किशोरी म्हणाली. "पण मोठ्यान घेवा, काका."

तो काठी टेकत परत गेला. खाटेवरून बाप म्हणाला, "आता इसवण बंद." ते रागाने म्हटलं की थट्टेने, तिला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

सकाळी समुद्र मळका होता. जाळं हलकं आलं. दोर ओढताना कुणी तिच्याशी बोललं नाही, पण श्वास आपोआप जुळले, ते माणसांच्या हातात नसतं. ढीग घातले गेले. आज वरच्या वाळूवर दोनच वाटे होते, आणि यमुनाबाई त्यातल्या तिच्या वाट्याशी, समुद्राकडे तोंड करून बसली होती. किशोरी ओळीत उभी राहिली. तिच्या एका बाजूला शिवा होता आणि एका बाजूला दत्तप्रसाद. बाबलीकाका पाठ करून उभा राहिला. त्याच्या मानेवरच्या सुरकुत्या, मळकी टोपी, टोपीखालून आलेले पांढरे केस, हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलं होतं आणि आज पहिल्यांदा बघितल्यासारखं ती बघत होती. काठी पहिल्या ढिगावर पडली. "ह्यो कोणाचो?" निकेत. "ह्यो कोणाचो?" शिवा. त्याच्या ढिगात सुरमई गेली, या सगळ्यात ती एकच होती. शिवाने शीळ घातली आणि वाकला. काठी पुढे सरकली. "ह्यो?"

बाबलीकाका थांबला. खाकरला. ओळीतलं कुणीतरी पायाने वाळू उकरू लागलं.

"किशोरी."

मोठ्याने घेतलं होतं. पाण्यावरून जाऊन ते परत आलं असतं इतकं मोठ्याने. तिने ढिगाकडे बघितलं. पेडवे होते, बोटाएवढे, नुसते काटे. त्यातले निम्मे पायाखाली आलेले, पोटं फुटलेले. एका बाजूला मोडक्या पायाचा खेकडा, आणि त्यावर कुणाच्या लक्षात न आलेला जेलीमाशाचा तुकडा. एवढा वाईट ढीग ओळीत दुसरा नव्हता. मागे कुणीतरी हसलं. किशोरीने मान वर केली आणि सत्यवानाकडे बघितलं, आणि त्या क्षणी तिला मनापासून वाटलं की त्याने काहीतरी टाकावं. एक सरंगा. मूठभर कोळंबी. इतके महिने टाकत आला होता, त्याचा हात त्या कामाला सरावलेला होता. सत्यवानाने ढीग पाहिला. त्याला तो दिसला होता, तो वाईट आहे हेही दिसलं होतं. त्याने काठी उचलली आणि पुढच्या ढिगावर ठेवली.

तिला रडू येत होतं आणि ते दुःखाचंच होतं, ते दुसरं काही आहे असं तिने स्वतःला सांगितलं नाही. आजपासून तिच्याकडे बघून कुणी काही देणार नव्हतं. ती खाली बसली, जेलीमाशाचा तुकडा काडीने बाजूला केला, आणि पेडवे एकेक करून टोपलीत भरू लागली, फुटलेले सुद्धा, शेवटचा वाळूतून उकरून काढेपर्यंत. पुढे नावं चालू होती. ओळीतलं कुणीही आपला वाटा सोडून तिच्याकडे बघत नव्हतं.